सात नंबरच्या खुंट्यावरची टिटवी

तमाम पुणेकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या शहरातल्या नद्या, नाले, तळी आणि कालवे यांच्या काठांची उंची मोजून देणाऱ्या एका जबाबदार बाईवर गेल्या सत्तावीस वर्षांत वारंवार हल्ले झाले असून, त्यांतल्या एकाही हल्लेखोराला आजवर अटक झालेली नाही. सर्व हल्लेखोर पंखधारी होते. बहुतेक जण घटनास्थळी सहकुटुंब राहत होते. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक प्रकरणात घुसखोरी मीच केली होती.

निवेदन संपलं. आता निवांत बसा.

मी लेव्हल लावते. लग्नकार्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना एवढं सांगितलं की त्या विचारतात, "म्हणजे फरशी बसवता का?" नाही हो. फरशी बसवायच्या आधी, भिंत उभारायच्या आधी, नाल्यात पाइप टाकायच्या आधी कुणीतरी येऊन सांगावं लागतं की ही जागा त्या जागेपेक्षा किती उंच आहे. पाणी उताराकडे जातं हे सगळ्यांना माहीत असतं. उतार कुठे आहे हे मात्र नुसत्या डोळ्यांना कळत नाही. डोळे फार थापाडे असतात. म्हणून तीन पायांच्या स्टँडवर एक दुर्बीण बसवायची. ही दुर्बीण वर बघत नाही, खाली बघत नाही, फक्त नाकासमोर बघते. समोर एका माणसाने आकडे रंगवलेली उंच पट्टी उभी धरायची. दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. मग पट्टी पुढच्या जागी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक. असं करत करत लांबवर जायचं, आणि मग जिथून निघालो तिथेच परत यायचं. परतल्यावर पहिल्या खुंट्याची उंची पहिल्याइतकीच आली तर म्हणायचं, लेव्हल मिळाली. नाही आली, तर वाटेत कुठेतरी आपण चुकलो. कुठे, ते कळत नाही. पुन्हा पहिल्यापासून.

माझे वडील खडकीच्या कारखान्यात तोफगोळ्यांच्या भागांची मापं तपासायचे. त्यांच्या लेखी मिलिमीटर ही चेष्टेची गोष्ट नव्हती. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची चेष्टा केली, पण ती एक सोडून.

या धंद्यात मशीनवाल्याला मान मिळतो, पण काम पट्टीवाल्याच्या जिवावर चालतं. पट्टी जरा कलली की आकडा खोटा. माझ्या पट्टीवर गेली पंधरा वर्षं मारुतीअण्णा आहेत. साठीला टेकलेले, टक्कल पडलेले, मुंढव्याचे मूळ रहिवासी. नदीकाठी त्यांच्या घराण्याची जमीन होती. आता तिथे उंच इमारती आहेत. कामाला जाताना गाडी तिथून गेली की अण्णा न चुकता बोट दाखवतात. "ते पारकिंग हाय न्हवं? तितं आमचा ऊस हुता."

आता पक्ष्यांचा आणि आमचा संबंध काय? संबंध असा की आम्हाला आणि पाणकाठच्या पक्ष्यांना जागा अगदी सारख्याच आवडतात. उघडी, सपाट, चहूकडून दिसणारी, माणसांची वर्दळ नसलेली. आम्ही तिथे स्टँड लावतो, ते तिथे संसार लावतात. मग भांडण होणारच.

पहिली मोठी लढाई कसबा पेठेच्या मागे नदीकाठी झाली. उंबरावर घारीचं घरटं होतं आणि माझं स्टँड नेमकं त्याखाली. दुर्बिणीला डोळा लावला की बाकी जग दिसत नाही. एकदम डोक्यावर वारा आला, आणि माझी नवी कोरी टोपी उडाली. घारीने ती नेली असती तरी मला अभिमान वाटला असता. पण तिने ती अर्ध्या वाटेत तुच्छतेने नदीत टाकली. समोरच्या गॅलरीत एक आजोबा चहा पीत हे सगळं बघत होते. मी वर बघून म्हटलं, "आजोबा, आधी सांगायचं नाही का?"

ते म्हणाले, "अहो, ती दरवर्षी इथेच असते. नवीन तुम्ही आहात."

हे वाक्य मी पुढच्या सगळ्या कामांत लक्षात ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. म्हणून दुसरी गोष्ट हसत सांगता येत नाही, पण सांगायला हवी.

शहराच्या पश्चिमेला एका तळ्याच्या काठी काम होतं. तिथे मला टिटवीची अंडी सापडली. टिटवी तुम्ही पाहिली असेल. निदान ऐकली नक्कीच असेल. लांब पिवळे पाय, डोळ्यापुढे लाल चामडी, आणि आवाज असा की जणू शेजारणीने आपल्याला काही चोरताना पकडलं आहे. ती झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर पायाने उथळ खळगा करते, भोवती चार खडे मांडते आणि त्यात अंडी घालते. अंडी मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. दोन फुटांवर उभं राहिलं तरी खडीच वाटते. मी ती पाहिली आणि फार हुशारीने विचार केला की कुणाचा पाय पडायला नको. पिशवीतून रंगाचा डबा काढला आणि अंड्यांभोवती मोठं, ठळक, लाल वर्तुळ काढून घरी गेले. समाधानाने जेवले.

आमच्या कामात लाल वर्तुळाचा अर्थ एकच असतो. माती तपासायला इथे खड्डा घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीवाल्याने वर्तुळाच्या बरोबर मधोमध खड्डा घेतला होता. कडा सरळ, खोली बरोबर, अतिशय चोख काम. तो मला म्हणाला, "मॅडम, तुमची खूण स्पष्ट होती, म्हणून पटकन झालं." दोन्ही टिटव्या दिवसभर त्या खड्ड्याच्या कडेने चालत होत्या. मी त्या दिवशी पन्नास आकडे वाचले, त्यांतले एकोणीस चुकीचे निघाले.

या लाल वर्तुळाबद्दल मी अनेक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना माहीत होतं, कारण तेव्हा पट्टीवर तेच होते. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

आता मुंढव्याची गोष्ट.

मागच्या उन्हाळ्यात तिथे नदीकाठाने पुराचं पाणी अडवणारी भिंत बांधायची होती. काठाची रचना डोळ्यांपुढे आणा: आधी बैठ्या घरांची वस्ती, मग भिंतीच्या पायाचा लांब चर, मग पंचवीस-तीस फुटांचा खड्यांचा मोकळा काठ, मग नदी. या मोकळ्या काठावर मार्चमध्ये मी आमचे खुंटे रोवले. खुंटा म्हणजे काँक्रीटमध्ये बसवलेली लोखंडी सळई. तिच्या डोक्याची उंची एकदा पक्की केली की पुढची सगळी भिंत तिच्यावरून मोजायची. प्रत्येक खुंट्याभोवती मी हातभर रुंदीचं खडीचं कडं करते. लांबून सापडतं आणि चालणारा जरा बाजूने जातो. ही माझी जुनी सवय. दुसरे लेव्हलवाले यावर हसतात, "मॅडमनी रांगोळी घातली" म्हणतात.

मेच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा गेलो तर सात नंबरच्या खुंट्याजवळ जाता येईना. दोन टिटव्या. एक आमच्या डोक्यावरून सूर मारत होती, दुसरी दूर जाऊन पंख मोडल्याचं नाटक करत होती. आणि खडीच्या कड्यात, सळईपासून वीतभर अंतरावर, चार अंडी.

अण्णांनी कमरेवर हात ठेवले. "मॅडम, तिला घर शोधत फिरावं लागलं न्हाय. तुमी बांधूनच ठिवलं हुतं. आता तुमीच बगा काय ते."

आम्ही लांब बसून डबा खात होतो तेव्हा एक म्हैस पाण्याकडे निघाली, सरळ सात नंबरच्या रोखाने. टिटवी माणसाला बघून उडते, पण म्हशीपुढे ती उडाली नाही. अंड्यांपुढे उभी राहिली, दोन्ही पंख पसरले आणि ओरडली. मूठभर पक्षी आणि समोर एवढं धूड. म्हैस थांबली, क्षणभर विचारात पडली आणि वळून दुसऱ्या वाटेने गेली.

अण्णा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "म्हशीला कळलं. मानसाला सांगाया तुमाला जावं लागंल."

तो माणूस म्हणजे ठेकेदाराचे साइट इंजिनियर सोनटक्के. पन्नाशीचे, सडपातळ, सकाळपासून हेल्मेट घालून बसणारे. कमी बोलतात, आणि बोलतात तेही पावती फाडल्यासारखं. शुक्रवारी दुपारी त्यांनी मला पत्र्याच्या केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, सात नंबर हलवा. डंपरचा रस्ता तिथून जातोय."

"हलवता येणार नाही."

"का?"

"तिथे टिटवीची चार अंडी आहेत."

सोनटक्के म्हणाले, "तिला विचारून घ्या, रिकामं कधी करून देतेय."

"तीन-चार आठवडे."

"आणि पावसाला किती आठवडे आहेत? धरणातून पाणी सोडलं की नदी या काठावर येते. तोवर पाया वर आला नाही तर चर गाळाने भरेल आणि पाणी थेट वस्तीत जाईल. तिथे माणसांचीही पिल्लं आहेत, मॅडम."

वाईट असं की ते बरोबर होते. त्या वस्तीत, चरापासून तिसरं घर मारुतीअण्णांचंच होतं. दोन पावसाळे त्यांच्या घरात गुडघाभर पाणी आलेलं मी स्वतः पाहिलं होतं. अर्ज-विनंत्या करत बसले असते तर उत्तर येईपर्यंत त्या अंड्यांतल्या पिल्लांना नातवंडं झाली असती. आणि सूचनेचा फलक लावून घरी जायचं म्हटलं, तर खुणा करून घरी जाण्याचा माझा अनुभव तुम्हाला सांगितलाच आहे. या वेळी खूण करायची नव्हती. या वेळी उभं राहायचं होतं.

"रस्ता बारा फूट नदीकडे सरकवा," मी म्हटलं.

"तिकडे खोलगट आहे. डंपर रुतेल."

"किती खोलगट?"

"भरपूर."

"भरपूर म्हणजे किती?"

सोनटक्क्यांना राग आला, कारण आकडा त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी घड्याळ बघितलं. "सोमवारी सकाळी आठला पहिला डंपर येतो. त्याआधी नव्या रस्त्याच्या लेव्हल आणि किती मुरूम टाकायचा तो आकडा माझ्या टेबलावर ठेवा. नसेल तर डंपर जुन्या रस्त्याने जाईल."

"लेव्हल मिळालेली देईन," मी म्हटलं आणि नाटकातल्यासारखी बाहेर पडले. केबिनचं दार अडकत असल्यामुळे पुन्हा आत येऊन ते ओढावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

बाहेर अण्णा उभे होते. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. मी विचारलं, "अण्णा, उशीर झाला तर पाणी तुमच्या घरात येणार. तुम्ही सांगा, काय करू?"

ते म्हणाले, "भित बी पायजे आन ही बी पायजे. तुमी लेवल लावा."

शनिवारी बुद्ध पौर्णिमा होती. दरवर्षी मी सकाळी खडकीला आईकडे जाते. आधी विहार, मग खीर. फोन केला आणि घाबरत सांगितलं की येता येणार नाही, टिटवीच्या अंड्यांचं काम निघालंय. आई म्हणाली, "मग त्यालाच जा. खिरीचं काय, ती तुझ्या भावाला दोनदा खाता येईल."

अडचण अशी होती की त्या पट्ट्यात उंची पक्की असलेला खुंटा एकच, सात नंबर. सुरुवात तिथून आणि शेवटही तिथेच. म्हणजे दोनदा अण्णांनी अंड्यांपासून वीतभरावर पट्टी धरून उभं राहायचं. आणि मे महिन्याच्या उन्हात अंडी उघडी पडली तर काही मिनिटांत आतून शिजतात. म्हणूनच टिटव्या आळीपाळीने बसतात. त्यांतली एक नदीवर जाऊन पोटाची पिसं भिजवून यायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची. वाळ्याचे पडदे भिजवणारी माणसं आपण पाहिली आहेत. हिने स्वतःलाच पडदा केलं होतं. तेव्हा नियम ठरला: मशीन आधी लावून, नेमकं करून तयार ठेवायचं. अण्णांनी जायचं, पट्टी टेकवायची, मी आकडा वाचायचा, अण्णांनी निघायचं. दहा मोजेपर्यंत सगळं संपलं पाहिजे.

शनिवारी सकाळी सातला अण्णा डोक्यावर लोखंडी घमेलं पालथं घालून, ते गमछ्याने हनुवटीखाली बांधून हजर झाले. हातात चौदा फुटांची पट्टी. शनिवारवाड्याच्या पहाऱ्यावरून चुकून इकडे आल्यासारखे दिसत होते. मी दुर्बिणीला डोळा लावला. अण्णा पोचले, पट्टी टेकवली, आणि टण्ण!

दुर्बिणीतली पट्टी थरथरली.

"अण्णा, हसू नका, पट्टी हलतेय!"

"म्या न्हाय हसत, घमेलं वाजतंय!"

आकडा मिळाला. मग आम्ही नव्या रस्त्याच्या रेषेने पुढे निघालो, आणि टिटव्यांनी आम्हाला सोडलं नाही. दर वीस पावलांवर मी स्टँड लावायचे आणि एक टिटवी माझ्या मानेचा अंदाज घ्यायची. मी सत्तावीस वर्षांत उभ्याने, बसून, चिखलात झोपून आकडे वाचले आहेत. पण वाचता वाचता वाकण्याची कला मला त्या दिवशी शिकावी लागली. ती नीट जमली नाही हे संध्याकाळी कळलं. सात नंबरवर परत येऊन, पुन्हा टण्ण ऐकून, आकडे जुळवले तर चार सेंटिमीटरचा फरक. वाकताना कुठेतरी मी सहाच्या जागी दोन वाचलं होतं.

तो फरक मी वहीत मिटवू शकले असते. एक आकडा बदलायचा, बस्स. सोनटक्क्यांना कधीच कळलं नसतं. पण त्या आकड्यावर भरलेले डंपर जाणार होते. आणि खोट्या आकड्यावर वाचवलेली अंडी खरी कशी मानायची? अण्णांनी माझा चेहरा बघितला आणि पट्टी दुमडायला घेतली. "उद्या सकाळी किती वाजता?"

रविवारी पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मी घरून भाताचं पातेलं आणलं आणि डोक्यावर घातलं. मला वाकायचं नव्हतं. टिटवीने पातेल्यावर दोनदा चोच मारली, मी हलले नाही. प्रत्येक आकडा दोनदा वाचला, मोठ्याने उच्चारला, मग लिहिला. त्यात वेळ गेला. सात नंबरच्या शेवटच्या आकड्यापाशी पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते.

मेमध्ये पुण्यात असे काही दिवस येतात की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. मी हे विसरले होते. सकाळी अण्णांच्या सावलीत अंडी झाकली जायची. आता सावलीच नव्हती. शिवाय मशीन सपाट आहे की नाही ते दाखवणारा काचेतला बुडबुडा उन्हाने सरकत होता आणि तो मधोमध आणायला मला वेळ हवा होता. अण्णा पुढे गेले, टिटवी उडाली, अंडी उन्हात उघडी पडली.

"मॅडम, लवकर!"

"थांबा, बुडबुडा बसत नाहीये!"

मी स्क्रू फिरवत होते. दहा मोजून झाले. वीस झाले. टिटवीचं ओरडणं एकदम वाढलं. मी डोकं वर काढलं. अण्णांनी एका हाताने पट्टी उभी धरली होती, दुसऱ्या हाताने घमेलं डोक्यावरून काढलं होतं आणि ते अंड्यांवर छत्रीसारखं धरून अर्धवट वाकले होते. टक्कल उघडं. टिटवीला एवढी सोपी खूण आयुष्यात मिळाली नसेल. तिने पहिला सूर मारला. अण्णा हलले नाहीत. दुसरा मारला. अण्णांनी डोळे मिटून घेतले, पण पट्टी धरलेला हात दगडासारखा होता.

मला हसू आलं नाही. बुडबुडा बसला. मी आकडा वाचला, मोठ्याने म्हटला, पुन्हा वाचला. "झालं, अण्णा! निघा!"

झाडाखाली बसून आकडे जुळवले. फरक दोन मिलिमीटर. मी वही नाचवत ओरडले, "अण्णा, दोन मिलिमीटर! मिळाली!"

"माझ्या टाळक्यावर किती मिलिमीटर ते बगा आदी." टाळक्यावर एक लाल ओरखडा होता, आणि त्याच्या शेजारी टिटवीने दिलेली पांढरी पोचपावती.

सोमवारी आठला पाच कमी असताना मी वही टेबलावर ठेवली. सोनटक्क्यांचं ते "भरपूर" सरासरी सव्वा फूट निघालं. त्यांनी पेनाने तीन ठिकाणी तपासलं, चौथ्या ठिकाणी चूक शोधण्याचा प्रयत्न केला, मग म्हणाले, "हं." त्यांच्याकडून हे मानपत्र समजायचं. डंपर नव्या रस्त्याने गेले.

पुढचे आठवडे मी रोज सकाळी आधी सात नंबरकडे बघायचे, मग सोनटक्क्यांना नमस्कार. बारा फुटांवरून डंपर धडधडत जात आणि टिटवी पापणी न हलवता बसलेली असे. भिंत वेळेत वर आली, हे आताच सांगून टाकते. त्या पावसाळ्यात पाणी अण्णांच्या गल्लीत आलं नाही. खड्यांचा तो मोकळा काठ मात्र पुढे दगडांच्या भरावाखाली गेला, कायमचा. त्याच्याही लेव्हल माझ्याच होत्या. तिथून जाताना आता अण्णांसारखंच माझंही बोट उठतं.

पण जूनच्या पहिल्या आठवड्यातली ती सकाळ राहिली. चारही अंडी फुटली होती. लांब काड्यांच्या पायांवर बसवलेले चार कापसाचे बोळे. टिटवीची पिल्लं घरट्यात बसून राहत नाहीत. अंग वाळलं की चालू लागतात. मी आनंदाने टाळ्या वाजवत होते. अण्णा मात्र काठाकडे बघत होते.

"मॅडम, आता ही पान्याकडं कुटनं जायची?"

मी टाळ्या थांबवल्या. सव्वा फुटाचा खोलगट भाग मी मिलिमीटरपर्यंत मोजला होता. रस्ता बारा फूट नदीकडे ढकलला होता. म्हणजे पिल्लं आणि पाणी यांच्या बरोबर मधे. हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आणि आईटिटवी रस्त्याच्या कडेला उभी राहून पिल्लांना हाक मारत होती.

दूरवर भरलेल्या डंपरची धूळ दिसली. मी धावत केबिनकडे गेले. "सोनटक्के साहेब, डंपर थांबवा!"

"आता काय? त्यांना शाळेत सोडायचंय?"

"रस्ता ओलांडायचाय."

ते दारात आले, त्यांनी बघितलं. डंपर बघितला, पिल्लं बघितली, घड्याळ बघितलं. "पाच मिनिटं," ते म्हणाले. कोपऱ्यातलं लाल निशाण उचललं आणि स्वतः जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. डंपर थांबला. मागे दुसरा, तिसरा. पहिल्याने हॉर्न वाजवला. सोनटक्क्यांनी नुसतं वळून बघितलं. पुन्हा वाजला नाही.

पाच मिनिटांची वीस झाली. दोन पिल्लं पळत पार गेली, तिसरं थांबत थांबत गेलं. चौथं चाकाच्या खोल चाकोरीत उतरलं आणि तिथेच अडकलं. कडा त्याच्या उंचीच्या तिप्पट. ते उड्या मारत होतं आणि घसरत होतं. आईचा आवाज चढत गेला. मी पुढे जायला लागले तर अण्णांनी माझा हात धरला. "तुमी नगा. सायेब जवळ हायती."

सोनटक्के गुडघ्यावर बसले. त्यांनी निशाणाच्या काठीने चाकोरीची कड फोडली, हाताने मुरूम सारखा करून हलका उतार केला, जमिनीला गाल लावून तो बघितला, पुन्हा थोडा सारखा केला. खरंच सांगते, इतका नीट उतार त्यांनी माझ्या नकाशावरूनही कधी केला नव्हता. पिल्लू थांबलं. चढलं. पडलं. पुन्हा चढलं, वर आलं, आणि झुपकन गवतात शिरलं. चार.

सोनटक्के गुडघे झटकत उठले, अंग ताठ केलं आणि घाम पुसायला हेल्मेट काढलं. त्याच क्षणी वरून टिटवी आली, महिनाभराचा सगळा राग घेऊन, थेट त्यांच्या कपाळावर. निशाण एकीकडे उडालं, हेल्मेट दुसरीकडे गडगडलं, आणि तीन डंपरवाले, अण्णा आणि मी, सगळ्यांच्या देखत, आयुष्यात कधी आवाज न चढवलेला तो माणूस आभाळाकडे बघून ओरडला,

"अहो बाई, मी तुमच्याच बाजूचा आहे!"